भिंतीखालची लोकसंख्या: एक

चष्मेकाकांनी घर सोडलं ते आकाशापायी.

आकाश म्हणजे डोक्यावरचं नव्हे, जेवणाच्या टेबलावरचं. तीन हजार तुकडे जोडून एक चित्र तयार करायचं होतं. त्यात खाली एक डोंगर, डोंगरावर एक घोडा, आणि उरलेलं सगळं निळंशार आकाश. डोंगर महिन्याभरात उभा राहिला, घोडाही त्याच्या मागोमाग आला, पण आकाशानं काकांचा पिट्ट्या पाडला. एक तुकडा बसायला कधी कधी आठवडा लागे. चौदा महिने झाले. नवराबायको दोघंही ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. आणि अवघे सात तुकडे उरले असताना त्यांच्या बायकोनं टेबलावरून हात फिरवून अख्खं चित्र बादलीत लोटलं, कारण चार वाजता तिची मीटिंग होती.

"अगं, आकाश होत आलं होतं!" काका ओरडले.

"निळंच तर होतं सगळं," ती म्हणाली. "परत लावा. कुठलाही तुकडा कुठेही चालेल."

बादलीचं काका कदाचित विसरलेही असते. पण 'कुठलाही तुकडा कुठेही चालेल' हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांना भिंगं बसवली, केसाएवढ्या फरकासाठी गिऱ्हाइकाला तीनतीनदा बोलावलं, त्याच्या घरात राहून असं बोलायचं? त्यांनी एका पिशवीत कपडे भरले, सात चष्मे घेतले, बंद केलेल्या दुकानातला डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता गुंडाळून काखेत मारला आणि निघाले.

आता रागावलेला माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? काका गेले ते बायकोच्याच धरणाखाली.

बायकोचं धरण असं म्हणायचं कारण, ती नौकाविहार मंडळाची अध्यक्ष होती. सगळं गाव तिला अध्यक्षबाई म्हणे, काकाही पाठीमागे तेच म्हणत. मंडळाच्या मालकीचा गावाबाहेर एक लहानसा तलाव होता. त्याला दोन पुरुष उंचीची मातीची भिंत, आणि पाण्यात पायानं चालवायच्या चौदा बोटी. बोटींचा आकार बदकाचा. वर्षातून एकदा त्यांची शर्यत व्हायची आणि गाव लोटायचं. भिंतीच्या पलीकडे, लांबलचक उताराच्या तळाशी, बंद पडलेली पंपाची खोली होती. तिथे काकांनी एक खाट टाकली, एक स्टोव्ह मांडला, भिंतीला तक्ता टांगला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःपुरता चहा केला. कडू झाला, पण त्यांनी तो ताठ मानेनं प्यायला.

चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. बायको असेल म्हणून काकांनी मुद्दाम उशीर केला. उघडून पाहतात तो बाहेर एक तरुण बाई. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात फळी, फळीला लावलेला फॉर्म. तिच्या मागे घामाघूम झालेला काकांचा मेहुणा. हा अध्यक्षबाईंचा धाकटा भाऊ आणि मंडळाचा सेक्रेटरी. तो काकांना डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता.

"मी धरणांची तपासनीस," बाई म्हणाली. "काका, तुम्ही इथे राहता?"

मेहुण्यानं जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"राहतो की," काका म्हणाले.

"म्हणजे झोपता इथे?"

"झोप लागत नाही. पण झोपतो."

तपासनीसबाईनं फॉर्मवर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मेहुणा मटकन दगडावर बसला.

"झालं काय?" काकांनी विचारलं.

"भिंतीखाली मनुष्यवस्ती आहे का, असा एक प्रश्न असतो," ती म्हणाली. "अकरा वर्षं उत्तर होतं, नाही. म्हणून धरण सगळ्यात खालच्या वर्गात होतं. फुटलं तरी चार बेडकांचे पाय ओले, एवढंच. आता ते धोकादायक वर्गात गेलं."

"माझ्यामुळे? पण मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही, काका. तुम्ही आहात."

तुम्ही आहात! काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चाळीस वर्षं गाव त्यांना अध्यक्षबाईंचे मिस्टर म्हणून ओळखत होतं. घरात ते चौदा महिने त्या चित्रावर वाकून बसले होते; नसते बसले तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. आणि इथे नुसतं त्यांच्या असण्यानं एका धरणाचा वर्ग बदलला होता. त्यांनी मान लांब करून फॉर्मात डोकावलं. लिहिलं होतं, 'भिंतीखालची लोकसंख्या: एक.'

"जरा ठळक काढाल का तो एक?" ते म्हणाले.

मग तपासनीसबाईनं नियम समजावले. धोक्याचा भोंगा बसवायचा. भोंगा वाजल्यापासून आठ मिनिटांच्या आत लोकसंख्येनं उतार चढून वर, बोटघरापाशी पोचायचं. ते जमत नसेल तर तलावाचं पाणी दीड मीटर उतरवायचं. आणि दीड मीटर उतरवलं, मेहुणा रडवेल्या सुरात म्हणाला, तर बोटी गाळात बसतील, आणि शर्यत तर वीस दिवसांवर आलीय.

"बरं, पाणी उतरवायची झडप चालते ना?" तपासनीसबाईनं विचारलं. "उघडून दाखवा."

"चालते म्हणजे काय, पळते," मेहुणा म्हणाला. "फक्त किल्ली आज घरी राहिलीय." गेली अकरा वर्षं ती घरीच राहिली होती. तपासनीसबाईनं लाल शाईनं एक ओळ लिहिली.

जाताना तिनं काकांना भिंतीच्या पायथ्याशी नेलं. तिथे मातीतून करंगळीएवढी पाण्याची धार येत होती. "हा पाझर. मातीची भिंत थोडी घामेजतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पाणी काचेसारखं स्वच्छ हवं. तुम्ही इथे राहताच आहात, तर रोज सकाळी एक बरणी भरून उजेडात धरून बघाल का? गढूळ दिसलं की समजायचं, पाणी भिंतीतली माती घेऊन बाहेर पडतंय. मग एक क्षण थांबायचं नाही. पाणी उतरवायचं आणि मला फोन करायचा."

काकांना काम मिळालं! दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी ते शास्त्रशुद्ध सुरू केलं. बरणी भरायची, तक्त्यासमोर ठेवायची आणि पाण्यातून अक्षरं वाचायची. सगळ्यात वर भलंमोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, आठवी ओळ मुंगीएवढी. वहीत रोजची नोंद: 'आठवी ओळ स्पष्ट. धरणाची नजर उत्तम.'

पहिली रंगीत तालीम पाच दिवसांनी झाली. मेहुण्यानं हातानं फिरवायचा भोंगा आणला होता. तो अडलेल्या म्हशीसारखा हंबरला. तपासनीसबाई वर घड्याळ घेऊन उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोकसंख्येचा पत्ता नाही. बावीस मिनिटांनी काका वर पोचले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"काका, कुठे होतात?"

"स्टोव्ह बंद केला. मग बूट घातले. मग वाचायचा चष्मा काढून लांबचा लावला, पण लांबच्यानं पायरी दिसेना, म्हणून मधला शोधला. मग कुलूप लावलं."

"कुलूप कशाला?"

"घर उघडं टाकून येऊ?"

"अहो काका, घर वाहून गेलंय!"

"मग मला आधी सांगायचं," काका म्हणाले. "स्टोव्हसाठी तरी थांबलो नसतो."

तपासनीसबाईनं दुसऱ्या तालमीसाठी दोन आठवडे दिले. शर्यतीच्या आदल्या दिवसाची तारीख. तेव्हाही आठ मिनिटांत जमलं नाही तर पाणी खाली.

खरं तर या सगळ्यावर एक सोपा उपाय होता, आणि तो गावातल्या शेंबड्या पोरालाही कळला असता. काकांनी घरी जायचं. पण काका म्हणत, "तिनं विचारलं तर येईन." आणि अध्यक्षबाई म्हणत, "गेले आपल्या पायांनी, येतील आपल्या पायांनी." मधल्यामध्ये मेहुणा दोन्हीकडे जाऊन म्हणे, "एक सांगू का?" आणि दोन्हीकडून उत्तर येई, "नको."

तेव्हा अध्यक्षबाईंनी त्यांच्या स्वभावाला शोभेल असाच मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खोलीच्या दारावर धाडधाड थापा पडल्या.

"लोकसंख्या! उठा! पाणी आलं!"

काका खाटेवरून पडले. दारात बायको उभी, गळ्यात स्टॉपवॉच, पायात कॅनव्हासचे बूट.

"स्टोव्ह राहू दे! चष्मा जो नाकावर असेल तो! पळा!"

काका पळाले. सतरा मिनिटं. मध्ये दोनदा बसले.

"लाज वाटायला हवी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमच्या आधी पाणी पोचेल, चहा करेल आणि तुमची वाट बघेल."

त्या रोज येऊ लागल्या. बोलणं फक्त कामापुरतं. गुडघा उचला. उजवीकडून चढा. तोंड मिटा, वारा खाऊ नका. तिसऱ्या दिवशी त्यांनी बुटांच्या नाड्या काढून त्या जागी रबर ओवलं. चौथ्या दिवशी उतारावर धरायला दोर बांधला. तेरा मिनिटांवर आले, मग अकरा. सहाव्या दिवशी काका धापा टाकत खाली परतले तर खोलीत बायको स्टोव्हपाशी उभी होती.

"हा चहा आहे की काढा?" तिनं पातेल्यात डोकावत विचारलं.

"मला आवडतो असा."

"खोटं बोलू नका. चेहरा सांगतोय." तिनं पातेलं ओतून टाकलं आणि नवा चहा टाकला. दोघं दारात बसून प्यायली. ती वहीची पानं चाळत होती. रोजची तारीख, रोजची ओळ, रेघ मारून आखलेले रकाने.

"हे सगळं तुम्ही रोज करता?"

"रोज."

"कोणी सांगितलं म्हणून?"

"कोणीतरी विचारलं म्हणून," काका म्हणाले.

अध्यक्षबाईंनी कप जरा जोरातच खाली ठेवला. "उद्या साडेदहा मिनिटं हवीत," म्हणाल्या आणि निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी येताना डब्यात उकडलेली अंडी होती, आणि काकांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण न बोलता लावलं गेलं, काका सदऱ्यात असतानाच. "हलू नका, सुई टोचेल," एवढंच काय ते संभाषण. साडेनऊ. नऊ. नऊला गाडं अडलं. शर्यतीला दोन दिवस राहिले तरी आठ काही होईनात.

त्या दिवशी सकाळी बायको यायच्या आधी काकांनी नेहमीप्रमाणे बरणी भरली, तक्त्यासमोर धरली आणि वाचायला लागले. आठवी ओळ दिसेना. आपलीच नजर अधू झाली असेल म्हणून त्यांनी चष्मा बदलला. सातवीही नाही. तिसरा चष्मा लावला. सहावी नाही, पाचवी नाही. काच पुसली, पाणी ओतून पुन्हा भरलं. पाणी पातळ चहासारखं दिसत होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत जेमतेम.

काका खाटेवर बसले. त्यांना भीती वाटली ती धरणाची नव्हे. परवा शर्यत. आता मी वर जाऊन पाणी उतरवा म्हटलं तर ती काय म्हणेल? म्हणेल, आकाशाचा सूड उगवलात. म्हणेल, मुद्दाम माती कालवलीत बरणीत. सगळं गाव तेच म्हणेल. ते असे किती वेळ बसले? त्यांच्या मते फार वेळ. खरं तर अर्धं मिनिटही नसेल. मग ते उठले, वहीत 'तिसरी ओळ' एवढंच खरडलं आणि वही नि बरणी छातीशी धरून पळत सुटले. स्टोव्ह चालू, दार सताड उघडं, एका पायात बूट. दोर हातात न धरता ते उतार चढून गेले. किती मिनिटांत, ते देवाला ठाऊक. घड्याळ लावायला कोणी नव्हतं.

बोटघरापाशी अध्यक्षबाई शिडीवर चढून झेंडे बांधत होत्या, मेहुणा शिडी धरून उभा होता. काका धापा टाकत येऊन थांबले. त्यांनी नुसती बरणी वर धरली.

अध्यक्षबाईंनी शिडीवरून वाकून बरणीकडे पाहिलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कितवी ओळ?"

"तिसरी," काका म्हणाले. "तीही चाचपडत."

"किल्ली आण," त्या भावाला म्हणाल्या आणि शिडी उतरल्या.

"ताई, परवा शर्यत! लोक येणार, भिंतीवर दोनशे माणूस बसणार..."

"म्हणूनच किल्ली आण. यांनी तिसरी म्हटलं की तिसरी. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचा नंबर चुकला नाही या माणसाचा."

काकांना गहिवरून आलं, पण गहिवरायला वेळ नव्हता. मेहुण्यानं किल्ली आणली, कुलूप उघडलं, आणि अकरा वर्षं न फिरलेली झडप तिघांनी मिळून धरली. चाक तसूभर हलेना. मेहुणा लोंबकळला. काकांनी खांदा लावला. अध्यक्षबाईंनी मंडळाच्या सभेत देत तसा एक आवाज दिला, आणि चाक करकरून फिरलं. भिंतीच्या पोटात काहीतरी गडगडलं आणि पलीकडे खाली, झुडपांमधून, पाण्याचा एक जाडजूड लोट फुसांडत बाहेर पडला.

आता ते पाणी नेमकं कुठे पडतं, हे अकरा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. नळाचं तोंड झुडपांनी झाकलं होतं, आणि ते अगदी नाकासमोर पंपाच्या खोलीकडे वळलेलं होतं. लोट थेट काकांच्या उघड्या दारातून आत शिरला. एक क्षण काहीच झालं नाही. मग खिडकीतून खाट बाहेर आली. तिच्या मागोमाग स्टोव्ह, कपड्यांची पिशवी, आणि शेवटी अक्षरांचा तक्ता, पाण्यावर उताणा, डौलात, ओढ्याच्या वळणावरून दिसेनासा झाला.

तिघंही वरून बघत राहिले.

"धरण नाही फुटलं," मेहुणा सावकाश म्हणाला, "पण लोकसंख्या बेघर झाली."

तपासनीसबाई तासाभरात आली. तिनं पाझर पाहिला, भिंतीवर एका जुन्या कापलेल्या झाडाच्या बुंध्याशी सळई खुपसली, ती हातभर आत गेली. मूळ कुजून आत पोकळ नळी झाली होती आणि पाण्याला ती सापडली होती. "अजून दोन दिवस तुडुंब पाणी राहिलं असतं आणि वर माणसं बसली असती, तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. काकांच्या वहीची शेवटची नोंद तिनं दोनदा वाचली आणि त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. मेहुण्याला झडपेबद्दल ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर तो दर महिन्याला झडप फिरवतो.

त्या रात्री काका मेहुण्याच्या सोफ्यावर झोपले. दुसऱ्याही रात्री. अध्यक्षबाईंनी निरोप पाठवला नाही, काकांनीही वाट पाहिल्याचं दाखवलं नाही.

शर्यत रद्द झाल्याचा फलक लावला होता, तरी लोक आलेच. तलावात गुडघाभर पाणी आणि त्याखाली लोण्यासारखा गाळ. चौदा बदकं वाकड्या माना करून बसलेली. लोक परत जाईनात. "पाणी एवढंसंच आहे, शर्यत घ्यायला काय हरकत आहे?" असा ओरडा सुरू झाला. अध्यक्षबाईंनी तपासनीसबाईकडे पाहिलं.

"भिंतीवर कोणी बसायचं नाही," ती म्हणाली. "बाकी, या पाण्यात बुडायचं तर मुद्दाम आडवं व्हावं लागेल."

दरवर्षी शर्यतीआधी अध्यक्षबाई एक नंबरच्या बोटीतून तलावाला फेरी मारत, आणि शेजारची जागा मोकळी राही. त्या दिवशी त्या बोटीत चढल्या, बसल्या, आणि काठावरच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या काकांना म्हणाल्या, "अहो, या. आज एका पायडलनं ही चालायची नाही."

काका चढले. बोट सहा हात गेली आणि गाळात रुतली. दोघांनी जोर लावला तशी ती जागच्या जागी गोल फिरली. काठावर टाळ्या पडल्या. मेहुणा दोर घेऊन पाण्यात उतरला आणि तोही मांडीपर्यंत रुतला. आता त्याला काढायला दुसरा माणूस उतरला.

बदकाच्या पोटात नवराबायको अडकून बसली होती. दोनशे माणसं बघत होती.

"मागे नका बघू," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "सगळे हसताहेत."

"हसू देत. आपण आहोत म्हणून हसताहेत."

मेहुण्याचा एक बूट निघाला, मेहुणा निघेना.

"ते चित्र," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुठलाही तुकडा कुठेही चालेल, असं मी म्हणायला नको होतं."

काकांनी चष्मा काढून पुसला. "खाट वाहून गेली," ते म्हणाले.

"पाहिलं मी."

"सोफ्यावर पाठ धरते."

"धरणारच. तो सोफा माझ्या भावानं निवडलाय." मग सभेत ठराव मांडतानाही जो सूर त्यांना कधी लागला नव्हता, त्या सुरात म्हणाल्या, "घरी येता का?"

"विचारतेयस?"

"विचारतेय. आणि पटकन उत्तर द्या, भाऊ आता कमरेपर्यंत गेलाय."

"येतो," काका म्हणाले.

बोट काढायला चाळीस मिनिटं लागली आणि मेहुण्याला पन्नास. शर्यतीत एकही बदक काठाला लागलं नाही. सर्वात लांब, अकरा मीटर गेलेल्या बदकाला ढाल दिली. संध्याकाळी तपासनीसबाई फॉर्म घेऊन बोटघरात आली. 'लोकसंख्या: एक' खोडून शून्य करायचं होतं, आणि त्यावर लोकसंख्येची सही लागत होती. काकांनी तो एक शेवटचा पाहून घेतला. मग त्यांनी सही केली, झोकदार, रकान्याच्या बाहेर जाणारी.

"स्थलांतर कुठे, तेही लिहावं लागतं," ती म्हणाली.

काकांनी पत्ता सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांच्या बायकोनं पेन घेतलं होतं.